१८७९ चा शेतकरी-कर्जनिवारण कायदा व सुपें-इंदापूर भागांतील सावकारी खतें

बारामती व इंदापूर तालुक्यांतील जुन्या वाड्यांतून कागदांचा रुमाल सोडण्याचा योग आला म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम सनदा, इनामपत्रें, महजर व वतनाचे निवाडे यांजकडे जाते. हें स्वाभाविकच आहे. शहाजीराजांच्या जहागिरींतील सुपें परगणा तो हाच. इंदापूरच्या रणांत मालोजीराजे पडले अशी परंपरा आहे. बारामती हें बाबूजी नाइकांचें आणि मोरोपंतांचें गांव. अशा मुलुखांत एखादा मोठ्या नांवाचा कागद हातीं लागेल ही आशा कोणास नसते? परंतु त्याच रुमालाच्या तळाशीं बहुधा दुसरा एक गठ्ठा असतो. त्यांत कर्जरोखे, गहाणखतें, पावत्या, फारखत्या व हिशेबाचे तुकडे असतात. शिक्का नाहीं, मोर्तब नाहीं, कोणा सरदाराचें नांव नाहीं. सबब तो गठ्ठा न वाचतांच बाजूस पडतो आणि पुढें रद्दींत जातो. या गठ्ठ्याची किंमत काय, आणि तो वाचावा कसा, हें सांगण्याचा आमचा हेतु आहे. त्यासाठीं १८७९ सालचा एक कायदा समजून घेणें अवश्य आहे. कारण तो कायदा जितका कर्जाविषयीं आहे तितकाच, किंबहुना अधिक, कागदाविषयीं आहे.

त्याचें मूळ सुपें येथें आहे. सुपें हल्लीं बारामती तालुक्यांत मोडतें. त्या काळीं तें भीमथडी तालुक्यांत होतें. बुधवार, ता. १२ मे १८७५ रोजीं, म्हणजे शके १७९७ च्या वैशाख शुद्ध पक्षांत, आसपासच्या गांवांचे शेतकरी या बाजारपेठेच्या गांवीं जमले आणि त्यांनीं सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. हे सावकार मुख्यतः मारवाडी व गुजर होते. धान्य लुटलें गेलें, कांहीं ठिकाणीं आग लागली. पण मागणी एकच होती, ती वह्यांची व खतांची. जे कागद हातीं आले ते जाळले गेले. तेथून हा दंगा भीमथडींतील इतर गांवांत, इंदापूर व शिरूर भागांत आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. तिसांहून अधिक गांवांस त्याची झळ लागली. सावकारानें कागद मुकाट्यानें काढून दिले तेथें त्याच्या अंगास बहुधा हात लागला नाहीं, असें पुढें चौकशी-कमिशनास आढळून आलें. हा तपशील आमच्या मतें सर्व प्रकरणाची किल्ली आहे. उपाशी जमाव धान्य लुटतो हें समजतें. पण अक्षरशत्रु कुणबी सोनें-नाणें टाकून मोडी लिहिलेला कागद शोधीत फिरतो, याचा अर्थ त्या कागदांत असें कांहीं सामर्थ्य आलें होतें, जें पूर्वीं नव्हतें.

सावकारी या मुलुखास नवी नव्हती. बाबूजी नाईक बारामतीकर हे स्वतःच मोठे सावकार. थोरल्या बाजीरावांचे ते धनको होते, आणि १७४० त बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्यानें पेशवेपदावर हक्क सांगण्याइतकी त्यांची ऐपत होती. परंतु त्या राज्यांत गांवच्या कुणब्याकडील येणें वसूल करावयाचें तर सावकारास पाटील, पंचाईत व गांवकरी यांच्या विचारानेंच चालावें लागे. खत हा त्या बोलण्यांतील एक पुरावा होता, अखेरचा शब्द नव्हे. व्याज मुद्दलाच्या वर जाऊं नये हा दामदुपटीचा नियमही सर्वांच्या अंगवळणीं पडलेला होता.

इंग्रजी अमलांत या स्थितींत दोन बाजूंनीं फरक पडला. पहिली बाजू साऱ्याची. मुंबई इलाख्यांत जी रयतवारी मोजणी व जमाबंदी पुढें सर्वत्र चालली तिची घडण इंदापूर तालुक्यांत झाली, ही गोष्ट इंदापूरकरांसही फारशी ठाऊक नसते. पुणें जिल्ह्यांत प्रिंगल यांनीं केलेली पहिली मोजणी फसल्यावर १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनीं इंदापुरांत पुन्हां मोजणी केली, आणि १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी लागू झाली. दर हलके होते व पडीक जमीन लागवडीस आली. ती मुदत भरल्यावर १८६७ च्या सुमारास नवी आकारणी आली, आणि ती आली अगदीं अवेळीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ पर्यंत कापसास अपूर्व भाव होता व त्या तेजीवर सावकारानें सढळ हातानें पैसा दिला होता. युद्ध संपतांच भाव बसला. सारा वाढला, माल स्वस्त झाला, आणि सावकारानें हात आंखडला. सारा रोख व ठरल्या हप्त्यास भरावयाचा असल्यामुळें कुणब्यास सावकाराचें दार चुकत नव्हतें.

दुसरी बाजू दिवाणी कोर्टांची. १८५५ च्या कायद्यानें व्याजाच्या दरावरील बंधन गेलें. १८५९ त दिवाणी व्यवहाराची नवी संहिता आली, आणि त्याच वर्षींच्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. व्याज सांचत राहूं नये, सावकारानें वेळच्या वेळीं हिशेब उरकावा, असा या शेवटच्या कायद्याचा हेतु होता. परिणाम नेमका उलट झाला. मुदत भरण्यापूर्वीं सावकार कुळास बोलावी व खत पालटून घेई. मागील मुद्दल व व्याज मिळून जी रक्कम होई ती नव्या खतांत मुद्दल म्हणून पडे.

हें अंकांनींच पाहावें. समजा, एखाद्या कुणब्यानें पन्नास रुपये दरमहा दर शेंकडा दोन रुपये व्याजानें घेतले आणि मध्यंतरीं कांहींच फेडलें नाहीं. तीन वर्षांनीं व्याज ३६ रुपये. नवें खत ८६ रुपयांचें. आणखी तीन वर्षांनीं खत १४८ रुपयांच्या घरांत जातें, आणि नऊ वर्षांनीं तें सुमारें २५४ रुपयांचें होतें. दामदुपटीनें शंभरावर एक पैही येत नाहीं. पण कोर्टापुढें पन्नासाचें खत नसतेंच. तेथें असतें तें शेवटचें, ‘रोख घेतले’ असें स्पष्ट शब्दांत लिहिलेलें, कुणब्याच्या नांगराची निशाणी असलेलें खत. प्रतिवादी बहुधा हजरच राहत नसे. एकतर्फी हुकूमनामा होई. त्यावर जप्ती, लिलांव, नाहींतर दिवाणी तुरुंग. सुप्याच्या जमावानें कागद कां मागितला हें आतां निराळें सांगावयास नको.

सावकाराची बाजू येथें सोडून देणें न्याय्य होणार नाहीं. तीन वर्षांतून एक पीक बुडणाऱ्या मुलुखांत बिनतारणी पैसा देणारा दुसरा कोणीही नव्हता. सरकारचा सारा वेळेवर भरला जाई तो बव्हंशीं याच पैशानें. शिवाय खत पालटणें ही रीत त्यानें मनानें काढलेली नसून कायद्याच्या तीन वर्षांच्या मुदतीनें त्यास शिकविलेली होती.

दंग्याची चौकशी करण्यास मुंबई सरकारनें कमिशन नेमलें व त्याचा अहवाल १८७८ त विलायतेच्या पार्लमेंटापुढें गेला. मध्यंतरीं १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ येऊन गेला होता. कायदा करण्यास आणखी एक अडचण होती, ती अधिकाराची. दिवाणी व्यवहाराची संहिता हा वरिष्ठ सरकारचा कायदा असल्यानें मुंबईच्या कायदेकौन्सिलास त्यास हात लावतां येत नव्हता. सबब हें बिल गव्हर्नर जनरलांच्या कौन्सिलांतूनच नेणें भाग पडलें. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत, जुलै १८७९ त, थिओडोर होप यांनीं तें सिमल्यास मांडलें. त्याच महिन्यांत वासुदेव बळवंत फडके पकडले गेले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुणें जिल्ह्यांतील रयतेचा असंतोष त्या वेळीं सिमल्याच्या थंड हवेंतही जाणवत असला पाहिजे. त्या कौन्सिलांत लोकांनीं निवडून दिलेला एकही सभासद नव्हता. ज्यांच्यासाठीं कायदा व्हावयाचा त्यांची साक्ष कमिशनच्या कागदांतून जेवढी पोंचली तेवढीच. तरी काम झपाट्यानें झालें. १८७९ चा १७ वा कायदा १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला.

त्यांतील कलमांची यादी देण्याचें प्रयोजन नाहीं. शेतकऱ्यास हुकूमनाम्याच्या पैशासाठीं कैद करूं नये, खास गहाण दिली नसेल तर त्याची जमीन जप्त करूं नये, देणें हप्त्यांनीं फेडण्याची सवलत द्यावी, दाव्यापूर्वीं उभय पक्षांस समेट करणाऱ्या पंचापुढें जावें लागावें, किरकोळ दाव्यांस गांवमुनसफ असावेत, आणि या सर्वांवर देखरेखीस खास न्यायाधीश असावा, ही त्याची रूपरेषा. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या देखरेखीच्या खात्यांत प्रथम साहाय्यक व १८८७ पासून मुख्य म्हणून काम केलें. पण संशोधकाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें बारावें व तेरावें कलम, आणि आठवें व नववें प्रकरण.

बाराव्या कलमानें न्यायाधीशास सांगितलें कीं खतांत काय लिहिलें आहे एवढ्यावर थांबूं नको. व्यवहार सुरू झाला तेथपासून त्याचा इतिहास तपास. तेराव्यानें हिशेबाची रीत घालून दिली. मुद्दल व व्याज यांचीं खातीं निराळीं मांडावयाचीं. कुळाच्या हातीं प्रत्यक्ष जें पडलें तेवढेंच मुद्दल. खत पालटतांना मुद्दलांत शिरलेलें व्याज, न्यायाधीशास वाजवी वाटल्यावांचून, मुद्दल मानावयाचें नाहीं. आणि व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीहून वाढली तर मुद्दलाच्या बाकीची दुप्पट एवढेंच देणें धरावयाचें. म्हणजे दामदुपट कायद्याच्या पुस्तकांत परत आली. आमच्या वरील उदाहरणांतील २५४ रुपयांचा आंकडा या न्यायानें शंभराच्या आंत येतो. न्यायाधीशास येथें एक प्रकारें इतिहाससंशोधकच केलें आहे: कागद खरा कीं खोटा एवढें पाहून न थांबतां, खऱ्या कागदांत लिहिलेली गोष्ट खरी घडली काय, हें त्यानें पाहावयाचें. आमच्यांतील कित्येक संशोधक अजून पहिल्या प्रश्नावरच थांबतात.

आठव्या प्रकरणानें गांव-निबंधक निर्माण केला. शेतकऱ्यानें लिहून द्यावयाचें खत या अधिकाऱ्यानें स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीं लिहिलेलें व त्याच्या साक्षीचें नसेल तर तें ग्राह्य नाहीं, असें ठरलें. खत झालें कीं मूळ प्रत धनकोकडे, दाखल्याची नक्कल ऋणकोकडे, आणि नोंद सरकारी बुकांत. नवव्या प्रकरणानें शेतकऱ्यानें पैसे भरतांच लेखी पावती मागण्याचा, वर्षास हिशेबाचा उतारा मागण्याचा व खातेंपुस्तक ठेवण्याचा हक्क त्यास दिला. खत पालटण्याची निकड राहूं नये म्हणून मुदतही वाढविली: साध्या खतास सहा वर्षें व नोंदलेल्यास बारा.

आतां या सर्वांचा संग्राहकास उपयोग काय तो पाहूं. १८७९ पूर्वींचा कर्जाचा कागद एकाच घरीं असे, तो सावकाराच्या. कुणब्याच्या घरीं कांहीं असलेंच तर फाडून परत केलेलें खत किंवा फारखती. १८७९ नंतर तोच व्यवहार चार-पांच ठिकाणीं उमटूं लागला. म्हणून बारामती-इंदापूरकडील एखाद्या कुणब्याच्या घरीं कागदांची परंपरा १८८० च्या पुढेंच सुरू होत असेल, तर पूर्वींचे कागद नष्ट झाले असें लगेच समजूं नये. ते त्या घरीं कधीं नव्हतेच, असाही संभव आहे. उलट सावकाराच्या घरचें दफ्तर १८७५ च्या अलीकडेच सुरू होत असेल आणि गांव दंग्याच्या टापूंतील असेल, तर त्या रिकाम्या जागेस अर्थ असूं शकतो. मात्र सावकाराच्या वह्या इतर कारणांनींही नाहींशा होतात, वांटण्यांत विभागल्या जातात, वाळवीच्या तोंडीं पडतात. सबब केवळ अभावावरून अनुमान बांधूं नये. जळालेल्या खताचा मजकूर सर्वस्वीं गेला असेंही नाहीं. ज्या खतावर दंग्यापूर्वींच दावा झाला होता त्याचा मजकूर दाव्याच्या कागदांत असूं शकतो. सावकाराच्या रोजकीर्दींत व खतावणींत तीच रक्कम तारखेनिशीं पडलेली असते, आणि रोजकीर्द व खत यांची रक्कम जुळत नसेल तर मनोती किती कापली, ‘रोख घेतले’ हे शब्द कितपत खरे, तें तेथेंच कळतें.

खत हातीं आल्यावर प्रथम काळ पाहावा. या कागदांवर शक, फसली सन व इंग्रजी तारीख यांचें मिश्रण असतें; दक्षिणी फसलींत ५९० किंवा ५९१ मिळवावे म्हणजे इसवी सन येतो. नंतर त्याच कुळाचीं खतें तारखेच्या क्रमानें लावावीं. दर तीन वर्षांच्या आंतबाहेर नवें खत आणि रक्कम वाढती असेल, तर ती सर्व मिळून एकच कर्ज आहे असा संशय घ्यावा. असें न करतां सर्व रकमांची बेरीज घेऊन ‘या कुळास सावकारानें इतके शेंकडे दिले’ असें लिहिणें म्हणजे एकच विहीर चार वेळां मोजणें होय. मग निशाणी पाहावी. कुणब्याचा नांगर, स्त्रीची बांगडी, ‘दस्तुर खुद्द’ अशी सही. निशाणी कोणाच्या हातची हें लिहिणाराचें नांव, साक्षीदार तेच ते कां, हे सर्व मुद्दे टिपून ठेवावेत. एकाच लेखकानें व त्याच दोघां साक्षीदारांनीं एका सावकाराचीं वर्षानुवर्षें खतें लिहिलीं असतील, तर ती साक्ष कितपत स्वतंत्र मानावी हें उघड आहे. १८७९ नंतरच्या खतावर गांव-निबंधकाचा शेरा शोधावा. तो नसेल तर तें खत शेतकऱ्याचें नसेल, किंवा कायदा चुकवून झालेलें असेल.

कायदा चुकविला गेला यांत आश्चर्य नाहीं. गहाणखतावर कोर्ट मागील इतिहास काढतें असें दिसतांच सावकार खरेदीखत मागूं लागले. कागदावर जमीन विकली. तोंडी बोली अशी कीं पैसे फेडले म्हणजे परत देऊं. पुढें कायद्यास दुरुस्ती होऊन अशा व्यवहाराचें खरें स्वरूप तोंडी पुराव्यानें शाबीत करण्याची मोकळीक कोर्टास दिली गेली. यावरूनच हा प्रकार किती फैलावला होता हें कळतें. म्हणून १८८० पासून पुढील काळांतील शेतकऱ्याचें खरेदीखत दिसलें तर तेवढ्यावरून ‘जमीन सावकाराकडे गेली’ असा निर्णय देऊं नये. किंमत आसपासच्या खरेदींपेक्षां फार कमी आहे काय, त्याच दिवशीं विकणारानेंच ती जमीन खंडानें करण्याची कबुलायत लिहून दिली आहे काय, कांहीं वर्षांनीं उलट खरेदी झाली आहे काय, हें पाहावें. तिन्ही गोष्टी जुळल्या तर खरेदीच्या पोटांत गहाण आहे. गांवच्या जमिनी कोणाच्या हातीं गेल्या या वादग्रस्त प्रश्नावर आजवर जें लिहिलें गेलें आहे त्यांतील बरेंच या एका कसोटीस लावून पुन्हां तपासावें लागेल असें आम्हांस वाटतें.

कायद्यानें कर्ज हटलें नाहीं. सावकार सावध झाला, लहान कुळांस पैसा मिळणें कठीण झालें, आणि १८९१-९२ त या कायद्याच्या अंमलाची चौकशी करण्यास पुन्हां कमिशन बसलें. दरम्यान नीरा डाव्या कालव्याचें पाणी बारामती व इंदापुराच्या रानांत आलें व खतांतील मजकूरही पालटला. जेथें बाजरीची सवाई होती तेथें ऊंस व गूळ आला. पुढें १९३९ व १९४७ च्या मुंबईच्या कर्जनिवारण कायद्यांनीं आणि अखेर २०१४ च्या महाराष्ट्राच्या सावकारी-नियमन कायद्यानें हा विषय निराळ्या पायावर नेला. त्यांतील हिशेबाच्या पावत्या व नोंदवह्या यांची कल्पना पाहतांना १८७९ च्या नवव्या प्रकरणाची आठवण होते.

या गठ्ठ्यांस आज मुख्य धोका आहे तो आमच्याच मंडळींपासून. खताच्या माथ्यावरील मुद्रांक शोभिवंत असतो, त्यास बाजारांत किंमत येते, आणि खालचा मोडी मजकूर कापून टाकला जातो. कांहीं विक्रेते एकाच कुळाचीं खतें सुटीं करून वेगवेगळ्या गिऱ्हाइकांस देतात. मग क्रम लावण्याचा मार्गच खुंटतो. १९७२ च्या पुराणवस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें पंचाहत्तर वर्षांहून जुनें व ऐतिहासिक मोलाचें हस्तलिखित हें पुराणवस्तु ठरतें आणि तें खाजगी रीतीनें देशाबाहेर नेतां येत नाहीं. १८७० च्या सुमाराचीं खतें या व्याख्येंत सहज बसतील. पण तीं मोलाचीं आहेत असें प्रथम संग्राहकानेंच मानलें पाहिजे.

सबब सुपें, बारामती, इंदापूर, निमगांव, भिगवण या बाजूस ज्यांचा राबता आहे त्यांस आमची विनंति अशी. गठ्ठा मूळ दोरीनिशीं जसा असेल तसा ठेवावा, क्रम मोडण्यापूर्वीं प्रत्येक कागदावर हलक्या पेन्सिलीनें अंक घालावा, मुद्रांक कापूं नये, आणि तो कोणत्या घरांतून, कोणत्या गांवाहून आला तें वेगळ्या चिठ्ठीवर लिहावें. प्रसिद्ध करतांना ऋणको व धनको या दोन्ही घराण्यांचे वंशज त्याच गांवीं नांदत असतील हें ध्यानांत ठेवून नांवें झांकावीं. रक्कम, व्याज, तारणाची जमीन, लेखक, साक्षी व निशाणी एवढें उतरलें तरी पुरे. कुळाकडील नक्कल व सावकाराकडील मूळ अशी एकाच खताची जोडी कोणास मिळाली, तर त्यानें दोन्हींच्या अक्षरशः नकला शेजारीं शेजारीं छापाव्या, आणि फरक असेल तेथें दुरुस्त न करतां तसाच ठेवावा.